पाहणीत पुसलेली चित्रं

आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी मुलाचं शेत पाहतात. मुलगा नंतर. विहिरीला पाणी किती, बांध कोणाच्या बांधाला लागून, संत्र्याची झाडं केवढी झाली, हे सगळं पाहून माणसं परत येतात. मग घरातल्या बायका विचारतात, "अन् पोरगा कसा आहे?" तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, कारण पोराकडे नीट पाहायचं राहूनच गेलेलं असतं. माझ्या वेळी ही सोय नव्हती. ह्यांच्या घरची शेती सावनेरच्या पलीकडे, भावाभावांत न वाटलेली, आणि त्यात ह्यांचा तुकडा कुठला हे भावांनाही सांगता आलं नसतं. हे स्वतः नागपुरात भाड्याच्या एका खोलीत राहत आणि एका कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात पीएच.डी.चं काम करत. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि दोरीवर दोन शर्ट. पाहायचं काय? तेव्हा आमच्या लोकांनी ठरवलं, की प्रयोगशाळाच पाहून यायची.

नवऱ्याचं नाव उखाण्यापलीकडे घ्यायची सवय माझ्या पिढीला नव्हती, म्हणून इथंही ते येणार नाही. 'हे' एवढंच पुरेल.

सत्तरीच्या दशकाच्या मधली गोष्ट. ह्यांचे सर परदेशात काही वर्षं काम करून आले होते आणि येताना त्यांनी एक स्फटिक आणला होता. खडीसाखरेच्या खड्याएवढा, किंचित तांबूस पिवळा. विभागात त्याला सगळे खडाच म्हणत. त्या खड्यात लेझरच्या प्रकाशानं चित्रं साठवायची, हे ह्यांचं काम. आता ऐकणाऱ्याला यात काही वाटणार नाही, पण तेव्हा साठवण म्हटली की डोळ्यांसमोर कागद यायचा, नाहीतर गाण्याची तबकडी. दोन्हीत जे काही असतं ते वरवर, पृष्ठभागावर. खड्यात मात्र आतपर्यंत, त्याच्या सगळ्या जाडीत लिहिता येतं. एक चित्र लिहायचं, खडा केसभर फिरवायचा, आणि त्याच जागेत दुसरं लिहायचं. पुन्हा फिरवायचं, तिसरं. वाचताना ज्या कोनात लिहिलं त्याच कोनात खडा धरला, की तेवढंच चित्र समोरच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर उमटतं. बाकीची आत गुपचूप बसून राहतात.

माझे बाबा इतवारीतले कापडाचे व्यापारी, रामदासपेठेत नवं घर बांधलेले. त्यांना हे काही पटेना. "एकाच जागी एवढी चित्रं, अन् एकमेकात मिसळत नाही?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा ह्यांनी जे सांगितलं ते बाबा पुढे कित्येक वर्षं लोकांना आपलंच म्हणून सांगत. हे म्हणाले, "काकाजी, तुम्ही बसमधून काटोलले जाता तेव्हा संत्र्याच्या बागा लागते ना? झाडं तीच असते. पन एका जागून पाहिलं का एक ओळ सरळ दिसते, बस थोडी समोर गेली का ती मोडते अन् दुसरीच ओळ सरळ होते. बागेत ओळी साऱ्याच आहे. तुम्ही कुठून पाहता त्याच्यावर आहे सारं."

बाबांना बाग कळली, म्हणून खडाही कळला.

पण मी पुढे पळतेय. बाबा तिथं जाण्याआधी त्या खड्यात चित्रं लिहायला काय सोसलं गेलं ते सांगायला हवं. लिहिताना कणभर थरथर चालत नाही. खाली रस्त्यावरून ट्रक गेला तरी चित्र गेलं. म्हणून सरांनी आणि ह्यांनी मिळून एक टेबल रचलं होतं. खाली हवा भरलेल्या ट्रकच्या ट्यूब, त्यांवर कन्हान नदीची वाळू भरलेली पेटी, वाळूवर जाड फरशी, आणि फरशीवर आरसे, भिंगं आणि लेझरची नळी. एवढं करूनही शांतता लागायचीच. नागपुरात शांतता कधी? मे महिन्यात, भर दुपारी. लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, सुटलेली असते, रस्त्यावर कुत्रंही नसतं, अख्खं शहर कूलरसमोर आडवं झालेलं असतं. फक्त ह्यांच्या खोलीत कूलर नाही. कूलरच्या पंख्यानं फरशी थरथरते. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, दार बंद, आणि हे आत घामानं निथळत, श्वाससुद्धा हळू घेत बसलेले. एकेक चित्र लिहायला अख्खी दुपार जाई, कारण लेझर लाल आणि खडा लाल प्रकाशाला आळशी. कधी वीज गेली की सगळं पाण्यात. ह्यांच्या आईनं सांगितलं होतं म्हणून खिशात कांदा ठेवत, लू लागू नये म्हणून. त्या काळ्या खोलीत लू कुठून यायची होती देव जाणे, पण कांदा असायचा.

अशा अख्ख्या उन्हाळ्याची कमाई म्हणजे त्या खड्यातली चित्रं. अंकलिपीचं एक पान, विदर्भाचा नकाशा, एक पिंपळपान, आणखी काही. पाऊसकाळ येईतो लेझरची नळी म्हातारी झाली. तिच्यात वाचण्यापुरता उजेड राहिला, लिहिण्याइतका नाही. नवी नळी परदेशातून आणायची, त्यासाठी आयातीचा परवाना, आणि परवाना म्हणजे तेव्हा काय चीज होती हे त्या काळातल्या माणसांना सांगायला नको. तर आता जे होतं ते तेवढंच. बाहेरगावचे परीक्षक होळीच्या सुमारास येणार होते. त्यांना प्रबंध पाठवलेला होता, फोटो जोडलेले होते, पण त्यांनी कळवलं होतं की मला प्रत्यक्ष पाहायचंय, फोटो कशाचाही काढता येतो. ते पाहतील, डिग्री मिळेल, आणि त्याच विभागात रिकामी असलेली लेक्चररची जागा ह्यांना मिळेल, असं सगळं ठरल्यासारखं होतं. होळीपर्यंत खड्यातली चित्रं शाबूत राहिली पाहिजेत, एवढीच अट.

आणि अडचण तिथंच होती. ज्या उजेडानं तो खडा वाचायचा, तोच उजेड त्याला पुसतो. अंधारात ठेवला तर चित्रं महिनोन् महिने राहतात, अगदी हळूहळू फिकी होतात. पाहिलीत, की थोडी झिजतात. त्यातून एक पाहिलं तरी सगळीच झिजतात, कारण उजेड सगळ्या खड्यातून जातो. तापवून ती पक्की करता येतात असं सरांनी वाचलं होतं, पण एकुलता एक खडा, तडकला तर काय, म्हणून त्यांची छाती झाली नाही. खडा तापवतात एवढंच, का ते नाही, माझ्या मामांच्या कानावर आलं तेव्हा ते म्हणाले, "इतकंच ना? मे महिन्यात गच्चीवर ठेवा. आमचे पापड निघते, याची चित्रं नाही निघन काय?" सगळे हसले. हे पण हसले.

दिवाळी झाली आणि पाहणी सुरू झाली. आमच्याकडे एकजण पाहून आला म्हणजे झालं, असं नसतं. बापाचं पाहणं वेगळं, मामाचं वेगळं. मामानं पाहिलं नाही तर उद्या काही वाकडं झाल्यावर तो म्हणायला मोकळा, की मला कुठं विचारलं होतं. शिवाय शेत एकदा पाहिलं काय आणि दहादा पाहिलं काय, शेताचं काय जातं? तीच सवय घेऊन आमची माणसं त्या काळ्या खोलीत शिरली.

बाबा गेले. बाबांना घाईत काही आवडत नाही. त्यांनी खुर्ची मागवली, बसले, एकेक चित्र निरखून पाहिलं, नकाशात सावनेर कुठं, नागपूर कुठं ते बोटानं दाखवून घेतलं. नंतर संत्र्याच्या बागेची गोष्ट ऐकल्यावर म्हणाले, आता पुन्हा पहिल्यापासून दाखवा, म्हणजे नीट कळेल. ह्यांनी पुन्हा दाखवलं.

मग मामा गेले. मामा खापरखेड्याला वीजकेंद्रात नोकरीला होते आणि तिथल्या कॉलनीत राहत. ते एकटे कुठं जातच नाहीत. कॉलनीतली चारपाच मंडळी जीपमध्ये घालून घेऊन आले. "आमचा होनारा जावई शास्त्रज्ञ आहे" हे त्यांना कोणाला तरी दाखवायचं होतंच. मंडळी आळीपाळीनं पुठ्ठ्यासमोर वाकली. कोणी म्हणालं सिनेमा आहे, कोणी म्हणालं जादू आहे. एकानं पुठ्ठा काढून त्याच्यामागे काही लपवलंय का तेही पाहून घेतलं. हे खडा फिरवत राहिले. सर बाहेर व्हरांड्यात येरझारा घालत होते असं मला पुढे कळलं. त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन म्हटलंही, "अरे, पुरे आता." हे म्हणाले, "सर, मुलीकडचे लोकं आहे."

या दोन शब्दांपुढे आमच्या मुलखात कोणाचं काही चालत नाही.

घरी मात्र निकाल चांगला लागत होता. मामा म्हणाले, "पोरगं सोनं आहे. नाही म्हनून कोनाले म्हनत नाही." बाबा म्हणाले, हातात काही लागत नाही हे खरं, पण मुलगा थंड डोक्याचा आहे. आत्या दोनदा जाऊन आली. एकदा स्वतःसाठी, एकदा फुफाजींना, म्हणजे तिच्या यजमानांना, घेऊन. ह्यांची किंमत आमच्या घरात जशी चढत होती तशीतशी खड्यातली चित्रं उतरत होती, आणि ही दुसरी गोष्ट आमच्याकडे कोणालाच ठाऊक नव्हती. मलाही नाही. मी घरात बसून मिरच्यांची देठं काढत सगळ्यांची वर्णनं ऐकत होते. माझी बी.एस्सी. झालेली होती, भौतिकशास्त्र हा माझा आवडता विषय, आणि ज्या गोष्टीत घरात फक्त मलाच काही कळलं असतं ती मला सोडून सगळ्यांनी पाहिली, याचा मला खरंच राग येत होता.

शेवटी आत्यानंच माझी बाजू घेतली. "लग्न हिचं आहे का तुमचं? पोरीले पाहू द्या एकदा." संक्रांत होऊन गेली होती. आत्या मला रिक्षातून घेऊन गेली. मी माझी चांगली साडी नेसले होते, आणि खरं सांगायचं तर मुलगा पाहायला जातेय यापेक्षा खडा पाहायला जातेय याचीच मला हुरहुर होती.

हे दारात उभे होते. उंच, सावळे, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली. खोलीत सगळी तयारी झालेली होती. दिवा मालवायचा आणि लेझरसमोरची पाटी सरकवायची एवढंच बाकी होतं. ह्यांनी थोडक्यात समजावून सांगितलं, उजेड कुठून येतो, खडा कसा फिरतो. मी ऐकलं आणि माझ्या तोंडून जे आलं ते बोलून गेले.

"ज्या उजेडानं लिहिता त्याच उजेडानं वाचता. मग वाचताना ते पुसत नाही काय?"

हे माझ्याकडे पाहतच राहिले. इतकी माणसं येऊन गेली, कोणी हे विचारलं नव्हतं.

"पुसते," ते म्हणाले. "थोडं थोडं."

"मग तुम्ही सगळ्यांना दाखवून काहून राहिले? परीक्षक यायचे आहेत ना?"

"तुमच्या घरचे लोकं इतक्या आपुलकीनं येते," ते हसून म्हणाले, "त्यांले नाही कसं म्हनू?"

मला त्या क्षणी बाबांचा, मामांचा, त्या जीपभर मंडळींचा असा संताप आला की काय सांगू. आणि समोरच्या माणसाबद्दल जे वाटलं ते संतापाच्या अगदी उलट होतं. मी म्हणाले, "मले नका दाखवू."

"पाहून घ्या ना," ते म्हणाले. "तुमच्यासाठीच लावून ठेवलं आहे."

"नको. परीक्षक पाहून जाऊ द्या. मग मी पाहीन."

आत्या कुरकुरली, "असं काय करतं वं? आली आहेस तं पाहून घे. पुन्हा कोन येते इथं?" पण मी हट्टी आहे. मी सरळ बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, म्हणजे प्रश्नच नको. मनातून मी स्वतःवर जाम खूष होते. होणाऱ्या नवऱ्यासाठी पहिलं काही केलं असेल तर हे, असं मला वाटलं. इतक्यात मागं दार लागलं आणि आतून आत्याचा आवाज आला, "तिले नाही पाहायचं तं मले दाखवा. ते पिंपळाचं पान मी मागच्या वेळी नीट पाहिलंच नव्हतं." आणि थोड्या वेळानं, "अगं बाई!"

मी काय करणार होते? दार ठोठावून आत्याला ओढून बाहेर काढणार होते? तिथंच उभी राहून दात खात राहिले.

परीक्षक आले तेव्हा काय झालं ते मला सरांनी लग्नानंतर सांगितलं. ह्यांनी कधी सांगितलं नाही. दिवा मालवला, पाटी सरकवली, आणि पुठ्ठ्यावर लाल धुरकट डाग आला. नकाशाची कड जराशी कळत होती. खडा फिरवला तरी डागच. अंकलिपीच्या पानावर काहीतरी आहे एवढं दिसायचं, काय आहे ते नाही. परीक्षक भले गृहस्थ होते. त्यांनी चहा घेतला, फोटोंचं कौतुक केलं, आणि लिहिलं की प्रयोग पुन्हा करून दाखवावा, मग प्रबंध परत सादर करावा. पुन्हा करायला नळी कुठं होती? परवाना शेवटपर्यंत आला नाही. दोनेक वर्षांनी सर परदेशात परत गेले, जाताना खडा घेऊन गेले. लेक्चररच्या जागेवर दुसऱ्या कोणाची नेमणूक झाली.

बाबांनी दिलेला शब्द मोडला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. डिग्री अडली तरी लग्न ठरल्याप्रमाणे झालं, थाटात झालं, आणि मांडवात मामा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की आमच्या जावयानं दगडात चित्रं भरली आहेत, मी या डोळ्यांनी पाहिली. डिग्री कशानं अडली ते मी तेव्हाच ताडलं होतं, म्हणून ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. ज्यांच्या पाहण्यानं ती चित्रं गेली त्यांच्याच पसंतीवर मला हा नवरा मिळाला होता, आणि हे मी कोणाला सांगू शकत नव्हते. पुढे ह्यांनीही मला एवढंच बजावलं. "तुह्या बाबाले कळू देऊ नको. त्यांच्या जिवाले लागन."

हे सावनेरच्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागले. आम्ही तिथंच बिऱ्हाड केलं. आधी डिग्री मिळेपर्यंत म्हणून, मग मुलगी शाळेत जायला लागली म्हणून, आणि मग नुसतंच. अकरावी-बारावीच्या मुलांना प्रकाशाचा धडा हे फार सुंदर शिकवत असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. घरी मात्र त्या विषयाचं नावही नाही. मी सुरुवातीला एकदोनदा म्हटलं, पुन्हा अर्ज करून बघा, दुसऱ्या शहरात कुठं नळी असेल. हे "पाहू" म्हणत. पुढे मीही म्हणायचं सोडलं. सोडायला नको होतं, असं आता वाटतं, पण तेव्हा दूध, गॅसचा नंबर, मुलीचा खोकला यांतच दिवस जात.

ऐंशीच्या दशकात तिकडे परदेशात उजेडानं वाचायच्या चकत्या निघाल्याची बातमी आली. एका रविवारच्या पुरवणीत चित्रासकट लेख होता. मुलीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटी लिहिलं होतं, की पुढेमागे हीच साठवण पृष्ठभागावर न राहता आत, जाडीत होऊ लागेल, शास्त्रज्ञ त्या खटपटीत आहेत. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही पण असंच काहीतरी करत होते ना? खापरखेड्याचे आजोबा सांगतात." हे म्हणाले, "हो, करत होतो." आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मी मागोमाग गेले. इतकी वर्षं मनात होतं तेच बोलले. "साऱ्या घरानं पाहिलं. कॉलनीतल्या लोकांनी पाहिलं, आत्यानं तर तीनदा पाहिलं. मीच तेवढं नाही पाहिलं. म्हटलं, तुमच्या परीक्षकासाठी राहू द्यावं."

हे म्हणाले, "परीक्षकासाठी त्याच्यात काही उरलंच नव्हतं. तू आली त्या दिवशी सकाळीच मी तपासून पाहिलं होतं. इतकं फिकं झालेलं अंधारातही होळीपर्यंत टिकत नाही, हे मले कळलं होतं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू इतक्या हौसेनं नाही म्हनली," ते म्हणाले. "अन् बाहेर जाऊन उभी राहिली. मग मले सांगताच नाही आलं." मग म्हणाले, "तू पाहून घ्याले पाहिजे होतं. तुह्यापुरतं होतं त्याच्यात."

मी त्यांच्या शेजारी बसले. आग लागो माझ्या त्या शहाणपणाला.